घरटी एक मूठ

सव्वीस वर्षं मी अंगणवाडीत सेविका होते. त्याआधी रेवसच्या धक्क्यावर भाजी विकली, आणि उन्हाळ्यात किहीमच्या रस्त्याला पांढऱ्या कांद्याच्या माळा. लोकांना वाटतं, मी धंदा सोडून शिकवायला लागले. तसं काही झालं नाही. गिऱ्हाईक बदललं, एवढंच. पूर्वीचं गिऱ्हाईक बंगल्यातलं होतं आणि माळेतला एक कांदा दाबून बघून अख्ख्या माळेचा भाव पाडायचं. नंतरचं गिऱ्हाईक तीन वर्षांचं होतं, नाक वाहतं, चड्डी ओली, आणि घासाघीस त्याच्याइतकी बंगल्यातल्या बाईलाही कधी जमली नाही.

या अंकासाठी मला विषय दिला तो असा, की लहान मुलांना एकत्र राहणं, मिळून काम करणं कसं शिकवलंत. मी आधी विचारलं, हे मला का विचारताय, शाळेच्या बाईंना विचारा. कारण आमच्याकडे पहिलीपासून पुढे शिकवते ती बाई, आणि पहिलीच्या आधी शिकवते ती खिचडीवाली ताई. हा राग जुना आहे आणि लेखात तो मध्ये मध्ये येईल. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगते. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं येतात. सेविका एक, मदतनीस एक. माझी मदतनीस यमुना. ती खिचडी शिजवायची, मुलांना घरून बोलावून आणायची आणि मी चिडले की माझ्या हातातला डाव काढून घ्यायची. आम्ही मुलांचं वजन घ्यायचो, रजिस्टरं भरायचो, गाणी म्हणायचो, खाऊ घालायचो. या सगळ्यात शिकवणं कुठे असतं, असं एका साहेबांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, साहेब, वीस मुलं हात धुवायला एका नळावर रांगेत उभी राहतात, ते तुमच्या कचेरीत एकदा करून दाखवा. त्यांनी शेरा लिहिला: सेविकेचा स्वभाव तापट.

तापट आहेच. पण मुलांवर हात कधी टाकला नाही. मुलाशी सौदा करायचा असतो. ओम नावाचा एक मुलगा होता. बाटलीचं निळं झाकण मुठीत धरून आला आणि तीन दिवस ती मूठ उघडली नाही. जेवताना डाव्या हाताने जेवायचा. "दे रे सगळ्यांना खेळायला" म्हटलं असतं तर त्याने मूठ अजून आवळली असती. मी सगळ्यांना सांगितलं, हे ओमचं झाकण आहे, ज्याला हवं त्याने ओमला विचारायचं आणि ओम सांगेल तेव्हा परत आणून द्यायचं. मालकी कबूल केली, तशी मूठ उघडली. दुपारपर्यंत झाकण अकरा जणांच्या हातून फिरलं होतं, आणि आपलं झाकण आता कुणाकडे आहे हे ओमला ठाऊकही नव्हतं. माणूस वाटायला तयार असतो. त्याचं आहे एवढं आधी मान्य करावं लागतं.

किहीमच्या एका बंगल्यातल्या बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी एकदा मुलांसाठी वीस खेळणी आणली, घरटी एक गाडी नाहीतर बाहुली. तोवर माझ्या अंगणवाडीत चावाचावी झाली नव्हती. त्या दिवशी दोघांच्या दंडावर दात उठले. दुसऱ्या आठवड्यात मी खेळणी पिशवीत घालून बंगल्यावर गेले.

"बाई, हे परत घ्या."

"अगं सुलभा, फुकट दिलेलं आहे."

"म्हणूनच परत आणलं. विकत घेतलं असतं तर भांडून घेतलं असतं. त्यापेक्षा एक दोर द्या. जाड, लांब. वीस हात मावतील असा."

त्या हसल्या. म्हणाल्या, तू कांदे विकायचीस तेव्हाही मला नको तेच गळ्यात मारायचीस. पण दोर दिला. होडीचा जुना दोर, त्यांच्या बागेत झोपाळ्याला बांधलेला होता. तो दोर धरून आमची मुलं तळ्यापर्यंत चालत जायची. एकानं सोडला की सगळी थांबायची. सव्वीस वर्षांत मला मिळालेलं ते सगळ्यात चांगलं शैक्षणिक साहित्य. रजिस्टरात त्याची नोंद नाही, कारण रजिस्टरात दोराचा रकाना नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमचं गाव खाडीकाठचं. भातशेती समुद्राच्या पातळीला, आणि शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाला धडकतं आणि एखाद्या जागी तो फोडतं. त्याला आम्ही खांड पडली म्हणतो. खारं पाणी एकदा शेतात आलं की दोन-तीन वर्षं भात विसरायचं. म्हणून खांड पडल्याची हाक आली की घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन निघतो. बांधाचे वाटे पाडलेले आहेत. प्रत्येक घराचा आपला वाटा. एक माणूस गावातून फिरतो, दारात उभा राहून घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव घेतो आणि विचारतो, "अमक्याच्या घरचा कोन?" आतून उत्तर येतं, "मी हाय." एवढंच. हे सगळं गावकी बघते. गावकी म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. गावाची आपली जुनी बैठक, तिचा आपला अध्यक्ष.

माझे मालक गेले तेव्हा मी तिशीही ओलांडली नव्हती. तेव्हापासून माझ्या दारात ही हाक आली नाही. गावकीने सूट दिली. बाईमाणूस, घरात पुरुष नाही, कशाला त्रास. माझा वाटा दिरांनी आपल्या वाट्याला जोडून घेतला. लोकांना वाटलं उपकार झाला. पण ज्याच्या दारात हाक येत नाही त्याला बैठकीतही कुणी विचारत नाही. माझी जमीन आहे, माझं भात त्याच पाण्याने बुडतं, आणि गावाच्या मोजणीत माझं घर नाही. हा माझा दुसरा राग. पहिल्यापेक्षा मोठा.

हाक येईना म्हणून मी हाक देणारी झाले. अंगणवाडीच्या अंगणात मी मुलांचा बांध सुरू केला. एका बाजूला गवताच्या काड्या रोवायच्या, ते भात. मध्ये चिखलाचा वीतभर उंच बांध. प्रत्येक मुलाचा दोन हात वाटा. दुसऱ्या बाजूने यमुना कळशीने पाणी सोडायची. मग मी ओरडायचे, "खांड!" आणि एकेका घराला हाक द्यायचे. फरक एकच केला. बापाचं नाव नाही, मुलाचं नाव. "ओमच्या घरचा कोन?" ओम उठून, "मी हाय." मुली तर इतक्या जोरात "मी हाय" म्हणायच्या की रस्त्याने जाणारे थांबायचे. मग मूठभर चिखल घेऊन धावायचं. घरटी एक मूठ. आपल्या वाट्याला नाही, जिथे खांड पडली तिथे टाकायची. चार वर्षांच्या मुलाला हे समजायला आठवडा लागतो. आधी सगळी आपापल्याच वाट्यावर चिखल थापत बसतात आणि शेजारून पाणी आत येऊन त्यांच्याच काड्या बुडवतं. मग कळतं. सांगून कळत नाही, काड्या बुडाल्या की कळतं.

सात-आठ वर्षांपूर्वी श्रावणात खरी खांड पडली, आणि रमेशच्या घरचं कुणी आलं नाही.

रमेश उरणला ट्रेलर चालवतो. घर गावाच्या टोकाला, नव्या वस्तीत. बैठकीत त्याला उभं करून जाब विचारला. त्याने सरळ उत्तर द्यायचं सोडून सांगितलं, "पुढल्या वेळी जेसीबी पाठवतो. माणूस मागू नका." असं बोलायला नको होतं. बांधावर जेसीबी जातच नाही, चिखलात रुतून बसेल, हे त्यालाही ठाऊक होतं. अध्यक्ष म्हणाले, गावकीपुढे नारळ ठेव आणि चुकलं म्हण. तो उठून गेला. त्याच्या घराला वाळीत टाकलं. कुणी बोलायचं नाही, दुकानदाराने सामान द्यायचं नाही. अशा गोष्टी कायद्याने बंद आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे कागदावर कुणी काही लिहीत नाही.

अध्यक्ष म्हणजे माझे धाकटे दीर, नामदेव. आणि रमेशची मुलगी आर्वी, साडेचार वर्षांची, माझ्या अंगणवाडीत. दोन वेण्या, समोरचा एक दात किडलेला, आणि गाण्यात सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे. नामदेव भाऊजींचा नातू रुद्र तिच्याच शेजारी बसायचा. रुद्र मला घरी आजी म्हणायचा आणि अंगणवाडीचा उंबरा ओलांडला की ताई.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी अंगणवाडीच्या पायरीशी आले. आत आले नाहीत.

"वयनी, त्या पोरीचा आहार घरी पाठवून दे. हितं बसवू नको."

"ही गावकीची अंगणवाडी नाय, भाऊजी. सरकारची हाय."

"सरकार पोरं आनून देनार हाय का तुला? उद्यापासून एक पन पोर येनार न्हाय."

मी डाव खाली ठेवला. धक्क्यावर शिकलेला पहिला धडा, समोरच्याला आधी बोलू द्यायचं आणि तो कुठे अडलाय ते बघायचं. भाऊजी अडले होते ते पोरीपाशी नाही. बाकीच्या पोरांच्या शेजारी ती दिसायला नको, एवढ्यापाशी.

"पोर येनार. माझ्या डोळ्यासमोर बसनार," मी म्हटलं. "हवं तर दाराजवळ बसवते. वेगळ्या पट्टीवर. माझ्या शेजारी."

त्यांनी विचार केला. "वेगळ्या पट्टीवर?"

"वेगळ्या पट्टीवर."

"चालंल मंग."

ते गेल्यावर मी यमुनाकडे बघून हसले. मूल राखलं, एकही पोर गमावलं नाही, दिराचं तोंड बंद केलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात झकास सौदा. यमुना भांडी घासत होती. ती म्हणाली, "ताई, पट्टी तुम्ही दिली की त्यांनी मागितली?"

मी तिच्यावर ओरडले. आमच्या मुलांना बसायला तागाच्या लांब पट्ट्या होत्या. त्यातली एक फाटकी होती, तिचा बरा तुकडा कापून मी दाराजवळ अंथरला. आर्वी त्यावर बसली. पहिल्या दिवशी तिला मान मिळाल्यासारखं वाटलं, कारण ताईच्या शेजारी बसायला सगळ्यांना आवडायचं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मी कवा जाऊ तिकडं?" तिसऱ्या दिवशी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी ओमने कुणाचं तरी भांडं ओढलं, आणि ते पोर त्याला म्हणालं, "थांब, तुला आर्वीच्या पट्टीवर बसवीन."

मी तिथेच उभी होते. माझ्या हातात खिचडीच्या पातेल्याचं झाकण होतं, ते मी भिंतीवर फेकलं. मुलं घाबरली, दोघं रडायला लागली. यमुनाने झाकण उचलून पुसलं. राग मुलावर नव्हता. गावाने चार बैठका घेऊन जे केलं नसतं ते मी एका पट्टीने करून दाखवलं होतं. चार वर्षांच्या मुलांना मी वाळीत टाकणं शिकवलं होतं, आणि तेही चार दिवसांत. बांध शिकवायला मला आठवडा लागायचा.

आता वाचणारा म्हणेल, मग पट्टी उचलायची होती. नाही उचलली. शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर भीती होती. पोरं आली नाहीत तर अंगणवाडी शेजारच्या गावात जोडतील, अशी कुजबुज तेव्हा चाललेलीच होती. मग आर्वीलाही जागा नाही आणि कुणालाच नाही. दुकानदाराला हे गणित कळतं. आईला कळत नाही, पण मी तिथे आई नव्हते.

त्याच आठवड्यात बांधाचा खेळ होता. मुलांनी चिखल आणला, वाटे पाडले. सवयीने त्यांनी आर्वीचाही वाटा सोडला, दोन हात मोकळी जागा, कारण ती नेहमी तिथेच असायची. मी एकेकाला हाक दिली. ओमच्या घरचा कोन. रुद्रच्या घरचा कोन. दाराकडे बघितलं आणि ते नाव गिळलं. यमुनाने कळशी कलती केली. पाणी आलं आणि अर्थात त्या दोन हात मोकळ्या जागेतून आत शिरलं. काड्या वाहून अंगणभर झाल्या.

रुद्र कमरेवर हात ठेवून म्हणाला, अगदी आजोबांच्या आवाजात, "आर्वीच्या घरचा कोनी न्हाय आला."

दारातून आवाज आला. रडका नाही, चांगला खणखणीत.

"आमाला कुनी बोलावला?"

मी वळून बघितलं. ती पट्टीवर मांडी घालून बसली होती. साडेचार वर्षांचं मूल "मला" म्हणतं. "आमाला" म्हणत नाही. हे वाक्य तिचं नव्हतं. तिच्या घरात कुणीतरी ते पुन्हा पुन्हा म्हणत होतं.

आणि ते वाक्य माझंही होतं. पंचवीस-तीस वर्षं मी ते तोंडात धरून होते, कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी मी रमेशकडे गेले. उघड गेले, रस्त्याच्या मधून, हातात आर्वीचं वजनाचं कार्ड धरून. सरकारी कामाला बंदी नसते. रमेशची आई ओट्यावर वाल सोलत होती. मला बघून तिने आधी इकडेतिकडे बघितलं, मग सरकून जागा केली.

"खांड पडली त्या दिवशी हाक आली होती का गो, काकू?"

"कुटली हाक? हितं नव्या वस्तीत आता दारात कोन येतंय? सगला मोबाईलवर. आनि रमेशचा मोबाईल पडला खाडीत, जत्रंच्या टायमाला. नवा नंबर कोनाला म्हाईत. तो घरातच होता त्या दिवशी. झोपला होता, रातपाली करून. कुनी हाक मारली असती तर गेला असता."

रमेश आतून आला. मी विचारलं, "मग हे बैठकीत का नाही सांगितलंस?"

"इचारलं कुनी? उभा केला आनि म्हनले, घरचा मानूस का आला न्हाय. इतक्या लोकांत, चोरासारखा. माजं डोकं फिरलं."

"म्हणून जेसीबी?"

"तोंडातून गेला."

ज्या बाईने त्याच आठवड्यात भिंतीवर झाकण फेकलं, तिने कुणाला डोक्याबद्दल काय सांगावं. "आता जाऊन सांग," एवढं म्हटलं. तो म्हणाला, मेलो तरी सांगणार नाही. भाऊजींना जाऊन सांगितलं असतं तर तेही म्हणाले असते, त्याने येऊन सांगावं. दोन दुकानं समोरासमोर, दोघांचा भाव ठरलेला, आणि पहिला आकडा कुणीच खाली आणणार नाही. अशा वेळी सौदा तिसऱ्या जागी हलवायचा असतो.

भाऊजींना दोन गोष्टी सुटत नाहीत, तंबाखू आणि नारळ फोडायचा मान. मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, "गुरुवारी पोरांचा बांध हाय. आया येनार हायत बघायला. नारळ फोडायला अध्यक्ष पायजेत. आनि रुद्र यंदा हाक देनार हाय." त्यांचा चेहरा फुलला. "रुद्र? हाक?" त्यांनी नातवाला जवळ ओढलं. "आवाज काढशील ना माझ्यासारखा?"

रुद्रला मी एवढंच सांगितलं, की एकही घर सोडायचं नाही. आर्वीचं नाव घेतलं नाही. माझ्या बाजूने मी शब्द पाळला होता. पट्टी दाराजवळ होती, पोर पट्टीवर होती. हाक कुणाला द्यायची याबद्दल आमचा सौदा झाला नव्हता.

गुरुवारी भाऊजी इस्त्रीची टोपी घालून आले. नारळ फुटला. आया भिंतीला टेकून उभ्या, आर्वीची आई कुंपणाबाहेर लांब. यमुनाने कळशी उचलली. रुद्र छाती काढून एकेकापुढे उभा राहत गेला. ओमच्या घरचा कोन? मी हाय. अमकीच्या घरचा कोन? मी हाय. सगळी झाली. मग तो थांबला, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि सरळ दाराकडे चालत गेला. भाऊजींच्या हातात नारळाची वाटी होती, ती तशीच राहिली.

"आर्वीच्या घरचा कोन?"

आर्वी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, नाही म्हणते. बापाची पोर आहे, म्हणू शकली असती.

"मी हाय," ती म्हणाली. उठली. आणि उठताना खालची पट्टी ओढून काखेत घेतली.

तोवर यमुनाने कळशी कलती केली होती आणि आर्वीच्या मोकळ्या वाट्यातून पाणी आत येत होतं. मुलं मुठी घेऊन धावली, चिखल टाकत होती, वाहून जात होता. आर्वीने पट्टी त्या खांडीत कोंबली. मोठी माणसं बांधाला गोण्या लावतात ते तिने कधीतरी पाहिलं असणार. वर तिची मूठ पडली, मग रुद्रची, मग सगळ्यांची. पाणी थांबलं. तागाची ती पट्टी चिखलात गाडली गेली आणि कुणाला बसायला वेगळी पट्टी उरली नाही. मुलं ओल्या हातांनी जेवायला बसली, जिथे जागा मिळेल तिथे.

भाऊजी रुद्रजवळ गेले. "तिला बोलवायला कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाय. ताई म्हनली एक घर सोडायचं न्हाय." मग आजोबांना समजत नाहीये असं वाटून त्याने नीट समजावलं. "सोडलं ना, की तितनंच पानी येतंय."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं.

"वयनी, तू लय चालू हायस."

"धक्क्यावर शिकले," मी म्हटलं. "आनि भाऊजी, रमेशचा नंबर बदललाय. तुमच्या मोबाईलच्या हाकेला दार ठोकता येत नाय."

गावकीने निर्णय फिरवला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानदाराने रमेशच्या आईला गूळ दिला, आणि पुढच्या पावसात उधाण आलं तेव्हा माणूस नव्या वस्तीतही फिरला, दारोदार. रमेश म्हणे त्याच्या आधीच फावडं घेऊन पायरीवर बसला होता. बांधावर नारळ फुटला त्याचं पहिलं खोबरं भाऊजींनी त्याच्या हातावर ठेवलं. दोघांपैकी कुणीही चुकलं म्हणालं नाही. माझ्या मते तो बरोबरीत सुटलेला सौदा.

त्या दिवशीही ती हाक माझ्या दारावरून पुढे गेली.

मी भाऊजींना एकदा विचारलं, माझं घर का नाही. ते खरोखर प्रेमाने म्हणाले, "आता या वयात कशाला तरास तुला, वयनी?" तिशीत बाई म्हणून सूट होती, साठीत वय म्हणून. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. समारंभात शाल दिली, भाऊजी भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "वयनींनी गावातल्या तीन पिढ्यांना खिचडी खिलवली." टाळ्या पडल्या. मी शालीखाली मुठी आवळल्या. यमुना शेजारी होती, तिने माझं मनगट धरून ठेवलं. सवयीने डाव शोधत असावी.

यंदा भाद्रपदात, भर दुपारी, उधाणाचं पाणी चढलं. रस्त्यावर धावपळ ऐकू आली. मी माजघरात तांदूळ निवडत होते. उठले नाही, माझ्याशी त्याचा संबंध नसतो. मग पायरीवर पावलं वाजली.

दारात रुद्र आणि आर्वी उभे होते. दोघं आता सातवीत आहेत. त्याला मिसरूड फुटायला लागलंय, तिच्या दोन वेण्यांची एक झालीय. दोघांच्या डोक्यावर घमेली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"आजी," रुद्र म्हणाला, "आजोबांनी हाक द्यायला पाठवलंय. पाय दुखतात त्यांचे."

आर्वीने त्याला कोपराने ढोसलं. "अशी देतात काय हाक? नीट दे."

तो सरळ उभा राहिला. घसा खाकरला. आणि माझ्या मालकांचं नाव न घेता, दिरांचं न घेता, मी अंगणात शिकवलं होतं तसं म्हणाला, "सुलभाताईच्या घरचा कोन?"

भाऊजींनी माझं घर सांगून पाठवलं होतं, की या दोघांनी आपल्याच मनाने एकही घर सोडलं नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. माल चांगला असला की कुठून आणला ते विचारू नये.

"मी हाय," मी म्हटलं.

बांधावर माझ्या वाट्यात भाऊजी काठी टेकून उभे होते. मला येताना बघितलं आणि दोन हात बाजूला सरकले. मी घमेलं खाली ठेवलं आणि चिखलाची पहिली मूठ खांडीत टाकली. गुडघा असा दुखत होता की डोळ्यांत पाणी येत होतं. पण ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा सूट दिली असती.